वाक्य संपलं हे यंत्राला कळतं कसं?

मोठ्या सभागृहात भिंतीवर एक साधं बटण असतं. ते दाबलं की पडदा खाली येतो, दिवे मंदावतात, प्रोजेक्टर जागा होतो, लॅपटॉपचं चित्र दिसू लागतं आणि माइकचा आवाज ठरलेल्या पातळीला येऊन थांबतो. वक्त्याला वाटतं, हे सगळं बटणाने केलं. बटणाने फक्त रॅकमधल्या एका चपट्या डब्याला कळवलेलं असतं. त्या डब्याने मग पाच यंत्रांना त्यांच्या त्यांच्या भाषेत निरोप धाडलेले असतात.

तो डबा म्हणजे कंट्रोल प्रोसेसर. त्याच्यातून ना चित्र जातं, ना आवाज. चित्र जातं स्विचरमधून, म्हणजे अनेक इनपुटांतून एक निवडणाऱ्या यंत्रातून, आवाज डीएसपीमधून, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रातून, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून. हा नुसता मुकादम. त्याच्या पाठीमागे पाहिलं तर सीरियल पोर्ट असतात, रिमोटची नक्कल करणारे इन्फ्रारेडचे पोर्ट असतात, पडदा वर-खाली करण्यासाठी रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, असतात, कुणी दार उघडलं किंवा बटण दाबलं हे ओळखणारे इनपुट असतात आणि एक नेटवर्कची जोडणी असते. रिले आणि इन्फ्रारेडच्या पोर्टवर फारशी बोलाचाल नसते, नुसता इशारा असतो. खरं संभाषण चालतं सीरियल तारेवर आणि नेटवर्कवर, आणि ते बव्हंशी साध्या मजकुरात चालतं. म्हणजे आपण लॅपटॉपवर टर्मिनलची, म्हणजे अक्षरं पाठवून उत्तर वाचायच्या सॉफ्टवेअरची, खिडकी उघडून, प्रोसेसरचा आयपी पत्ता देऊन, चार अक्षरं टाइप केली तर पडदा खरोखर खाली येतो.

पहिल्यांदा हे पाहिलं की गंमत वाटते. दुसऱ्यांदा काहीच होत नाही, आणि मग शिकायला सुरुवात होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या लेखात कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत, पण प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. १९६३ साली ठरलेल्या आस्की या संकेतात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. इंग्रजी तीन या आकड्याचा क्रमांक ५१. तुमचा कीबोर्ड चुकून मराठीवर राहिला आणि आपला '३' टाइप झाला, तर तारेतून ५१ जात नाही. यूटीएफ-८ पद्धतीने २२४, १६५ आणि १६९ असे तीन बाइट जातात. पलीकडच्या डब्याच्या लेखी तो कचरा. पडद्यावर आपल्याला तीनच दिसतो आणि डबा मात्र एरर देत बसतो.

क्रियापद शेवटी

एक्स्ट्रॉन या कंपनीच्या उपकरणांची मजकुराची एक भाषा आहे. तिचं नाव सिंपल इन्स्ट्रक्शन सेट, थोडक्यात एसआयएस. या भाषेत तिसऱ्या इनपुटवरचा लॅपटॉप पडद्यावर आणायचा असेल तर स्विचरला पाठवायचं:

३!

बस्स. दोन चिन्हं. उद्गारचिन्हाचा अर्थ 'चित्र आणि आवाज, सगळं लाव'. त्याच जागी टक्क्याचं चिन्ह टाकलं तर फक्त चित्र, डॉलरचं चिन्ह टाकलं तर फक्त आवाज. कंट्रोल प्रोसेसरवरचा पहिला रिले चालू करायचा तर एक, तारा-चिन्ह, एक आणि ओ हे अक्षर: १*१ओ. बंद करायचा तर १*०ओ.

या कमांड नीट पाहिल्या तर त्यांची रचना मराठीसारखी आहे. आधी कोणाला, मग किती, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. 'तीन नंबर लाव.' 'पहिला रिले चालू कर.' आपण मराठीत बोलताना 'लाव' ऐकू आलं की वाक्य पुरं झालं हे समजतो, पूर्णविराम तोंडाने उच्चारावा लागत नाही. इथे तसंच आहे. उद्गारचिन्ह पोचलं की स्विचर लगेच कामाला लागतो. पुढे एंटर दाबायचीही गरज नाही.

आणि हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. यंत्राला एकेक अक्षर येऊन मिळत असतं. आता ऐकत राहायचं की कामाला लागायचं, हे त्याला कधीतरी ठरवावं लागतं. वाक्य कुठे संपलं, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक भाषेत निराळं आहे. चुका होतात त्या बहुतेक इथेच. कमांड चुकीची असते असं नाही. तिचा शेवट चुकीचा असतो.

ओ या अक्षरावरून आठवलं. एका सभागृहात मला कागदावर छापलेली कमांडची यादी मिळाली होती, आणि ज्या फॉन्टमध्ये ती छापली होती त्यात ओ आणि शून्य जुळ्या भावांसारखे दिसत होते. मी शून्य टाइप केला. आस्कीत ओ म्हणजे ७९ आणि शून्य म्हणजे ४८. डबा एररसुद्धा देईना, नुसता गप्प. तो गप्प का, हे उमगायला मला तासभर लागला. त्याच्या दृष्टीने मी 'पहिल्या रिलेला दहा' एवढंच म्हटलं होतं आणि क्रियापद यायचं बाकी होतं. तो वाट पाहत होता. मग मी बरोबर कमांड टाइप केली, तर आता एरर! कारण आधीचं अर्धवट वाक्य तिच्या पुढे चिकटलेलं होतं. तेव्हापासून शंका आली की मी जोडणी तोडून नव्याने जोडतो आणि मगच पुढे बोलतो.

पूर्णविराम नावाची अदृश्य कळ

सगळ्या भाषा अशा नाहीत. प्रोजेक्टरांसाठी पीजेलिंक नावाची एक सामाईक भाषा आहे. ती एका कंपनीची नाही, जपानमधल्या व्यावसायिक यंत्रं बनवणाऱ्या उद्योगांच्या संघटनेने ती ठरवली, आणि अनेक कंपन्यांचे प्रोजेक्टर ती समजतात. नेटवर्कवर तिचा पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्राच्या पत्त्यावरच्या दाराचा नंबर, ४३५२. प्रोजेक्टर चालू करायचा तर टक्क्याचं चिन्ह, मग १, मग पी-ओ-डब्ल्यू-आर ही चार अक्षरं, एक मोकळी जागा आणि पुन्हा १. पहिला १ म्हणजे भाषेची कोणती श्रेणी वापरतोय ते, शेवटचा १ म्हणजे 'चालू'. शेवटी ० पाठवला तर बंद, आणि प्रश्नचिन्ह पाठवलं तर 'सध्या काय स्थिती आहे?'

इथे क्रियापद आधी आलं. म्हणजे वाक्य कुठे संपलं हे कळायला वेगळी खूण हवी. ती खूण म्हणजे कॅरेज रिटर्न, आस्कीतला १३ क्रमांक. पडद्यावर तो दिसत नाही, आणि म्हणूनच त्याने सगळ्यात जास्त लोकांना रडवलं आहे.

त्याचा एक भाऊ आहे, लाइन फीड, क्रमांक १०. हे दोघं वेगळे का, याचं उत्तर टेलिप्रिंटरमध्ये सापडतं. त्या यंत्रात छपाईचा गाडा ओळ संपली की डावीकडे परत न्यावा लागे. ते कॅरेज रिटर्न. कागद एक ओळ वर सरकवावा लागे. ते लाइन फीड. दोन वेगळ्या हालचाली, म्हणून दोन वेगळी चिन्हं. टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर सेकंदाला १० अक्षरं छापायचा. गाडा परत यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागे, त्यामुळे आधी रिटर्न आणि मागोमाग लाइन फीड पाठवला की गाड्याला पोचायला तेवढीच उसंत मिळे. गाडा गेला, कागद गेला, चिन्हं मात्र राहिली. आज कोणत्या यंत्राला फक्त १३ लागतो, कोणाला फक्त १०, कोणाला दोन्ही, आणि कोण काहीही चालवून घेतं, हे त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेतच पाहावं लागतं. क्यूएससी कंपनीच्या क्यू-सिस या ध्वनिप्रणालीची बाहेरून नियंत्रण करायची मजकुराची भाषा पोर्ट १७०२ वर चालते आणि तिला ओळीच्या शेवटी लाइन फीड हवा असतो. पीजेलिंकला रिटर्न.

आता तुमच्या टर्मिनलमध्ये एंटर दाबल्यावर नक्की काय जातं? ते त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर. कुणी १३ पाठवतं, कुणी १३ आणि १०, कुणी फक्त १०. 'मी तर तंतोतंत पुस्तिकेतलं टाइप केलं, तरी चालत नाही' असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, एंटरला काय जातंय ते पाहिलंस का.

शेवटच्या खुणेसोबत सुरुवातीची खूणही असू शकते. पॅनासॉनिकच्या अनेक प्रोजेक्टरांची भाषा अशी आहे: आधी आस्कीतला २ क्रमांक, मग पी-ओ-एन, मग ३ क्रमांक. आस्कीत या दोन चिन्हांची नावंच मुळी 'मजकुराची सुरुवात' आणि 'मजकुराचा शेवट' अशी आहेत. कीबोर्डवर त्यांची कळ नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांची विस्का ही भाषा तर मजकुराचीच नाही, निव्वळ आकड्यांची आहे. तिथे प्रत्येक निरोप २५५ या बाइटने संपतो. असल्या कमांड टाइप करता येत नाहीत, आकडे पाठवू देणारं टर्मिनल लागतं.

एसआयएसमध्येही नुसत्या दोन-तीन चिन्हांत न मावणारी कामं असतात, जसं आयपी पत्ता बदलणं. त्यांची सुरुवात एस्केपने होते, क्रमांक २७, आणि शेवट कॅरेज रिटर्नने. पण ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एस्केप कसा टाइप करणार? कंपनीने तोडगा काढला: एस्केपऐवजी डब्ल्यू हे अक्षर आणि रिटर्नऐवजी उभी रेघ चालेल. त्यामुळे या उपकरणांच्या कमांडच्या याद्यांत डब्ल्यूने सुरू होऊन उभ्या रेघेवर संपणारी विचित्र वाक्यं दिसतात. ती पाहून घाबरायचं कारण नाही, रेघ म्हणजे पूर्णविराम.

वाचायला सोपी भाषा हवी असेल तर बायांपच्या टेसिरा या ध्वनिप्रणालीची पाहावी. तिथे आधी ठोकळ्याचं नाव, मग 'सेट' किंवा 'गेट', मग काय बदलायचं, कितव्या चॅनेलचं, आणि किती. 'लेव्हल-१ सेट म्यूट १ ट्रू' हे वाक्य पाहून नवख्यालाही अर्थ लागतो. लांबलचक असलं तरी मला ते आवडतं, कारण सहा महिन्यांनी स्वतःचा प्रोग्राम उघडल्यावर डोकं खाजवावं लागत नाही. प्रकाशयोजनेतल्या ल्युट्रॉनच्या भाषेने आणखी एक छान सोय केली आहे. पहिल्या चिन्हावरूनच हेतू कळतो: हॅश म्हणजे 'कर', प्रश्नचिन्ह म्हणजे 'सांग', आणि उलट बाजूने नागमोडी रेघेने सुरू होणारी ओळ आली तर ती 'असं आहे'. हुकूम, प्रश्न आणि बातमी अशी सरळ विभागणी.

उत्तर ऐकलं तरच संभाषण

नवशिक्याचा प्रोग्राम बहुधा असा असतो: पडदा खाली, प्रोजेक्टर चालू, इनपुट बदल, आवाज चढव. एकामागून एक चार निरोप, ऐकणं शून्य. टेबलावर चाचणी घेताना हे चालतंही. सभागृहात नाही चालत, कारण यंत्रांना वेळ लागतो आणि यंत्रं नाही म्हणू शकतात.

पीजेलिंकच्या प्रोजेक्टरला त्याची स्थिती विचारली तर तो ० ते ३ यांपैकी एक आकडा सांगतो. ० म्हणजे बंद, १ म्हणजे चालू, २ म्हणजे थंड होतोय, ३ म्हणजे गरम होतोय. या २ आणि ३ मध्ये सगळी कथा आहे. गरम होत असताना 'इनपुट बदल' म्हटलं तर उत्तर येऊ शकतं 'ईआरआर३', म्हणजे आत्ता नाही. कमांड बरोबर आहे, वेळ चुकली. ईआरआर१ म्हणजे अशी कमांडच नाही, ईआरआर२ म्हणजे कमांड आहे पण दिलेला आकडा मर्यादेबाहेरचा, ईआरआर४ म्हणजे प्रोजेक्टरच बिघडलाय. चार निराळी दुखणी, चार निराळे उपाय. ईआरआर३ आलं तर थांबून पुन्हा सांगायचं. ईआरआर१ आलं तर हजारदा सांगूनही उपयोग नाही. एसआयएसमध्येही असंच: ई०१ म्हणजे एवढ्या क्रमांकाचं इनपुट नाही, ई१० म्हणजे कमांड कळली नाही, ई१३ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर.

म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम 'चालू हो' म्हटल्यावर दर थोड्या सेकंदांनी 'झालास का?' असं विचारत राहतो आणि १ हे उत्तर आल्यावरच इनपुटची कमांड पाठवतो. काही जण इथे सरळ ३० सेकंदांचा विसावा टाकून देतात. मला ते आळशीपणाचं वाटतं. नवा प्रोजेक्टर लवकर तयार झाला तर वक्ता उगीच ताटकळतो, जुना रेंगाळला तर कमांड वाया जाते. विचारायची सोय असताना अंदाजावर का चालायचं?

कुणी विचारलेलं नसताना येणाऱ्या बातम्यांचीही सवय करून घ्यावी लागते. कुणीतरी स्विचरच्या पुढच्या पट्टीवरचं बटण दाबलं, तर पुष्कळ स्विचर आपणहून कळवतात की आता अमुक इनपुट लागलं. एसआयएसमध्ये किती बोलायचं याची पातळी ठरवता येते. गप्प बसून फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, की बदल झाला की आपण होऊन सांगायचं, हे प्रत्येक जोडणीसाठी ठरतं. प्रोसेसरने अशा बातम्या ऐकल्या नाहीत तर टचस्क्रीनवर एक दिसतं आणि पडद्यावर दुसरंच असतं. लोकांचा यंत्रणेवरचा विश्वास उडतो तो अशाने.

आता थोडा किचकट भाग, पण इथे घाई करू नका. नेटवर्कवरची टीसीपी जोडणी अक्षरं क्रमाने आणि न गळता पोचवते, एवढीच तिची हमी. तुम्ही दोन निरोप वेगवेगळे पाठवले म्हणून ते पलीकडे दोन तुकड्यांतच पोचतील, अशी हमी ती देत नाही. दोन उत्तरं एकत्र चिकटून येऊ शकतात. एकच उत्तर दोन तुकड्यांत येऊ शकतं, 'ईआर' आत्ता आणि 'आर३' क्षणभराने. ते नळाच्या पाण्यासारखं आहे. तुम्ही पलीकडे दोन तांबे ओतले तरी अलीकडे धार एकच येते. म्हणून आलेलं प्रत्येक अक्षर आधी एका साठवणीत टाकायचं, साठवणीत शेवटची खूण शोधायची, खुणेपर्यंतचा तुकडा कापून वाचायचा आणि उरलेलं तसंच ठेवायचं. पुन्हा तोच प्रश्न: वाक्य कुठे संपलं? फरक इतकाच की आता तो यंत्राला नाही, तुमच्या प्रोग्रामला पडलेला आहे. टेबलावर तार लहान असते, गर्दी नसते, म्हणून सगळं अखंड येतं आणि साठवणीशिवाय लिहिलेला प्रोग्रामही शहाण्यासारखा वागतो. आठवड्यातून एकदाच येणारा, कुणाला पकडता न येणारा दोष बहुतेक वेळा इथे दडलेला असतो.

पाकिटात पाकीट

आतापर्यंत आपण आणि एक यंत्र, असं चाललं होतं. पण प्रोसेसर मधला माणूस आहे. आपण नेटवर्कवरून प्रोसेसरला सांगतो की तुझ्या पहिल्या सीरियल पोर्टवरून प्रोजेक्टरला हा मजकूर पाठव. म्हणजे बाहेरच्या पाकिटात प्रोसेसरची कमांड आणि आतल्या पाकिटात प्रोजेक्टरची. दोन्हींना शेवटची खूण लागते, आणि पुष्कळदा ती खूण एकच असते, तोच आपला १३ क्रमांक. आतला १३ पाहून प्रोसेसरला वाटतं, संपलं. आणि प्रोजेक्टरपर्यंत अर्धीच कमांड जाते.

यावरचा उपाय जुनाच आहे. आतल्या मजकुरात ती खूण जशीच्या तशी न लिहिता सांकेतिक रूपात लिहायची. सोळाच्या पाढ्याने मोजणाऱ्या पद्धतीत १३ म्हणजे 'शून्य-डी'. कुठे त्याच्या आधी टक्क्याचं चिन्ह लावतात, कुठे डॉलर, कुठे उलटी तिरकी रेघ आणि एक्स. प्रोसेसर ते वाचतो, खरा १३ बनवतो आणि तारेवर सोडतो.

दुसरी वाट म्हणजे पाकीटच नको. बऱ्याच नेटवर्क प्रोसेसरांत प्रत्येक सीरियल पोर्टला नेटवर्कवरचा स्वतःचा क्रमांक असतो. एक्स्ट्रॉनच्या प्रोसेसरांत पहिला २००१, दुसरा २००२, असं पुढे. २००१ ला जोडणी केली की प्रोसेसर मधून बाजूला होतो. जे टाइप कराल ते जसंच्या तसं तारेवर जातं. दोष शोधताना ही वाट फार उपयोगी. प्रोजेक्टर थेट बोलतोय, पण प्रोसेसरमार्फत बोलत नाही असं दिसलं की चूक पाकिटाच्या घडीत आहे हे कळतं.

सीरियल तारेचं मात्र आधी जमलेलं असावं लागतं. आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. वजा ३ ते वजा १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. घड्याळाची तार वेगळी नसते, म्हणून दोन्ही टोकांनी वेग आधीच ठरवून घ्यायचा. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, शेवट दाखवणारा एक स्टॉप बिट असं ठरलं तर एका अक्षराला सुरुवातीचा बिट धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. एका टोकाला ९६०० आणि दुसऱ्याला १९२०० असेल तर अक्षरं येतात, पण चिनीमातीची बरणी फुटल्यासारखी. कचरा दिसला तर वेग तपासा. काहीच दिसलं नाही तर पाठवायची आणि ऐकायची तार उलटसुलट झालीय का ते पाहा.

प्रोसेसरच्या पोर्टचा हा वेगसुद्धा मजकुराच्या कमांडनेच ठरवता येतो: पोर्टचा क्रमांक, तारा-चिन्ह, वेग, पॅरिटी, बिट, आणि शेवटी सी-पी. इथे आपण प्रोसेसरला काम सांगत नाही, त्याचा स्वभाव बदलतो आहोत, आणि तो बदल वीज गेली तरी टिकतो. असंच त्याचं नाव, त्याचा पत्ता, पासवर्ड. बटण दाबल्यावर काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, हा मोठा प्रोग्राम मात्र वेगळ्या साधनांनी लिहून प्रोसेसरवर चढवतात. क्रेस्ट्रॉनच्या जगात सिंपल, एएमएक्सच्या जगात नेटलिंक्स, एक्स्ट्रॉनच्या ग्लोबल स्क्रिप्टरमध्ये पायथॉन. भाषा कोणतीही असो, तिच्या तळाशी शेवटी हीच छोटी वाक्यं पाठवणं आणि ऐकणं असतं. ज्याने ती टर्मिनलमधून हाताने एकदा पाठवून पाहिलेली नाहीत, त्याने मोठ्या प्रोग्रामला हात घालू नये, असं माझं मत आहे. ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम, तयार मिळतो म्हणून भागतं, पण तो अडला की आत काय चाललंय हे कळत नाही.

टर्मिनलमधून यंत्राशी जोडायची जुनी पद्धत म्हणजे टेलनेट, तिच्याबद्दल एक इशारा. १९८३ साली निश्चित झालेला हा प्रोटोकॉल पोर्ट २३ वर चालतो आणि त्यात सगळं उघड्यावर जातं, पासवर्डसकट. त्याच नेटवर्कवर बसलेला कुणीही ते वाचू शकतो. पीजेलिंकने त्यात थोडी हुशारी केली आहे: प्रोजेक्टर आधी एक यादृच्छिक आकडा पाठवतो, आपण त्या आकड्याला पासवर्ड जोडून एमडी५ पद्धतीने त्याचा चुरा करून परत पाठवायचा, म्हणजे पासवर्ड तारेवर दिसत नाही. पण एमडी५ आता जुनी झाली, आणि पुढच्या कमांड तरीही उघड्याच जातात. ज्या उपकरणात एसएसएच, म्हणजे सगळं सांकेतिक रूपात पाठवणारी जोडणी, आहे तिथे तेच वापरा, टेलनेट बंद करा, आणि ही सगळी यंत्रं पाहुण्यांच्या वायफायपासून तोडलेल्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

टेलनेटचा आणखी एक उपद्व्याप म्हणजे जोडणी होताच तो २५५ ने सुरू होणारे काही बाइट पाठवून वाटाघाटी करू पाहतो. स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून जोडलंत तर उत्तराच्या सुरुवातीला अनोळखी चिन्हं दिसतील, ती हीच. आणि बोलणं थांबवलंत तर जोडणी तुटते. एक्स्ट्रॉनच्या बऱ्याच उपकरणांत साधारण ५ मिनिटांनी. प्रोग्रामने ते गृहीत धरून पुन्हा जोडायला शिकलेलं असावं. प्रोजेक्टरच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे: वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे तो बंद असताना त्याचं नेटवर्कही झोपतं. बंद करायची कमांड छान चालते, चालू करायची पोचतच नाही. त्याच्या मेनूत जाऊन झोपेतही नेटवर्क जागं ठेवायची सोय शोधावी लागते.

पहिल्या दिवशी काय करावं? नवं एक्स्ट्रॉनचं उपकरण साधारणपणे १९२.१६८.२५४.२५४ या पत्त्यावर असतं. लॅपटॉपला त्याच गटातला दुसरा पत्ता द्या आणि पोर्ट २३ ला जोडा. उपकरण आपलं नाव, मॉडेल आणि आवृत्ती सांगून स्वागत करेल. मग फक्त प्रश्न विचारा, हुकूम नको. क्यू हे एकच अक्षर टाइप केलं की फर्मवेअरची, म्हणजे उपकरणातल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती येते, एन टाइप केलं की पार्ट नंबर. टर्मिनलमध्ये अदृश्य चिन्हं दाखवायची सोय असेल तर ती चालू करा आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी काय येतंय ते वहीत लिहा. झेडने सुरू होणाऱ्या एस्केप कमांडच्या पानावर मात्र बोट ठेवू नका. झेड आणि तीन एक्स म्हणजे सगळी मांडणी पुसली, आयपी पत्ता तेवढा राहिला. झेड आणि तीन क्यू म्हणजे पत्ताही पुसला. तुमची जोडणी तिथेच तुटते आणि उपकरण कारखान्यातल्या पत्त्यावर परत जातं. इमारतीच्या नेटवर्कवर तो पत्ता चालत नसेल, तर मग लॅपटॉप आणि एक तार घेऊन रॅकपाशी जाऊन बसावं लागतं.